दाताखालचं शिसं

शिसं हातात आलं की तात्या ते आधी दाताखाली धरायचे. दाढेत कडेला पकडून हलकं चावायचे, उजेडात दाताची खूण बघायचे, थुंकायचे आणि निकाल द्यायचे. खूण खोल असली तर, "घरचं हाय." नसली तर, "पावणं हाय हे. पाटवा परत."

तात्या हे त्यांचं नाव नव्हे. सगळी आळी म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. कॉलेजसाठी बारामतीत मी जी खोली घेतली होती, तिला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. ते स्टोव्ह दुरुस्त करायचे, गळक्या भांड्यांना डाग द्यायचे आणि उसात रानडुकरं शिरू लागली की ठासणीच्या बंदुकांच्या गोळ्या ओतायचे. पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना असलेले शेतकरी काटेवाडीपासून, लोणी भापकरपासून त्यांच्याकडे यायचे. परवान्याचं पुस्तक बघितल्याशिवाय तात्या गोळी दाखवतसुद्धा नसत.

आमच्याकडे वडिलांपर्यंत मेंढरं होती. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तात्या मला नावानं हाक मारत नसत. "ये कॉलेज," म्हणायचे, "तुजी रसायनं ऱ्हाऊ दे. बस हितं, हे बघ."

मग ते शिकवायचे. उजनीच्या कोळ्यांनी टाकून दिलेल्या जाळ्याचं शिसं नरम असतं, जुन्या टेलिफोन केबलच्या कवचाचंही. बॅटरीचं कडक. छापखान्याच्या खिळ्यांचं सगळ्यात कडक, आणि त्या वर्षांत छापखाने बंद पडत होते म्हणून भंगारात तेच फार यायचं. नरम गोळी गजानं ठासली की नळीत दबून खाली दारूपर्यंत जाते. कडक गोळी मध्येच अडकते. ती तशीच राहिली आणि चाप ओढला, तर नळी फुटते.

एकदा काटेवाडीचा एक जण बॅटरीचं शिसं घेऊन आला. "तात्या, शिसं ते शिसं. डुकराला काय चव कळतीया?"

"डुकराला न्हाय कळत," तात्या म्हणाले. "तुज्या थोबाडाला कळंल."

तात्यांच्या गोळीनं बंदूक फुटली असं तोवर कधी झालं नव्हतं. त्यांना अभिमान होता तो एवढाच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याजवळ दाखवण्यासारखं दुसरं काही नसतं.

दुसऱ्या वर्षाला असताना मला त्यांच्या हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसली. पोटात कळ आली की ते दुकानातच पाय पोटाशी घेऊन पडायचे. मी लायब्ररीत जाऊन पुस्तक काढलं. शिशाचं विष, पोटशूळ, निळी रेघ, हातातलं बळ जाणं, सगळं त्यात होतं. सांगावं की नाही, यात माझे आठ दिवस गेले. त्यांना शिकवणारा मी कोण, असं वाटत होतं.

शेवटी म्हणालो, "तात्या, शिसं तोंडात घालू नका. इख हाय ते."

"बावीस वर्सं खातुया. अजून मेलो न्हाय."

"पुस्तकात हाय, तात्या."

त्यांनी हातातलं शिसं खाली ठेवलं. "आमच्यात कुणी पुस्तकातलं सांगणारं न्हाय," ते म्हणाले. "तू सांगतुस तर ऐकतो."

त्या दिवसापासून ते नखानं ओरखडून बघू लागले. पण त्यांची नखं कामानं जाड झाली होती आणि बोटांत पहिल्यासारखा जोर नव्हता. एकदा म्हणाले, "नखाला कळंना रं, कॉलेज." मी म्हणालो, "सवयीनं कळंल."

हे माझंच वाक्य आहे.

त्या हंगामात भंगारवाल्यानं आधीच वितळवून केलेल्या विटा आणून दिल्या. मूळ माल काय होता, ते विटेवरून कळत नव्हतं. तात्यांनी नख लावलं आणि गोळ्या ओतल्या. पंधरा दिवसांत लोणी भापकरच्या आप्पांची, तात्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाची, बंदूक फुटली. डाव्या हाताची चार बोटं गेली.

आप्पांच्या मुलानं उरलेल्या गोळ्यांची पिशवी दुकानात आणून ठेवली आणि निघून गेला. तात्यांनी एक गोळी घेतली, माझ्यासमोर दाढेखाली धरली, काढून उजेडात बघितली. खूण नव्हती.

"पावणं हाय," ते म्हणाले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पुढेही कुणाजवळ माझं नाव काढलं नाही.

त्यांनी गोळ्यांचा साचा घणाखाली घालून फोडला. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या पहिल्या एसटीनं लोणी भापकरला गेले. आप्पांचं घर गाईच्या दुधावर चालायचं आणि एका हातानं पुरी धार निघत नव्हती. तेव्हापासून ते रोज जाऊ लागले. मी एकदा बघायला गेलो. आप्पांनी कुणाचा म्हणून विचारलं, मी घरच्या मेंढरांचं सांगितलं. गाईच्या एका बाजूला आप्पा उजव्या हातानं काढत होते, दुसऱ्या बाजूला तात्या. तात्यांचं मनगट मध्येच लुळं पडायचं, मग ते डाव्या हातानं ते वर उचलून धरायचे.

पुढच्या वर्षी पुस्तक मी नीट वाचलं. चावण्यापेक्षा वितळवतानाचा धूर, भट्टीची राख, तसल्याच हातांनी खाल्लेली भाकरी यांतून विष अंगात जास्त जातं. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला तेव्हा निळी रेघ दिसली होती आणि दात दिसले होते, तेवढंच.

तात्या उन्हाळ्यात गेले. डॉक्टर म्हणाले, शिशानं रक्तात काही ठेवलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर मी लोणी भापकरला गेलो. दातानं बघणं सोडायला तात्यांना मी सांगितलं होतं, हे आप्पांना सांगायचं ठरवून गेलो होतो. एसटीत वाक्यंसुद्धा जुळवली होती. आप्पा गोठ्यात एकटेच होते. मला बघून त्यांनी बादली पुढं सरकवली. "मेंढरं पाळणाऱ्यांतला न्हवं तू? बस तिकडच्या अंगाला."

मी बसलो. धार काढून झाली. आप्पांनी बादली एका हातानं उचलून कडेला ठेवली आणि विचारलं, "का आला व्हतास?"

"सहजच," मी म्हणालो.