इस्त्रीवाले काका रांगेत उभे राहतात

तुरुंगाच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत इस्त्रीवाले काकांचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, वर पत्रा, आणि कितीही हात चालवला तरी न संपणारी गाठोडी. काकांचा चेहरा देवाने घाईघाईत उरकलेला. ना उंच ना बुटके, ना काळे ना गोरे. लेकीच्या लग्नात व्याह्यांनी काकांना सोडून आचाऱ्यालाच मिठी मारली. तेव्हापासून काकू म्हणायच्या, "बाहेर पडताना गळ्यात पाटी अडकवत जा."

या चेहऱ्यापायीच एक भलतं काम काकांच्या मागे लागलं होतं. चोरीत कुणाला धरलं, की ज्याचं गेलं त्याने चोर ओळखून दाखवायचा. एकट्याला पुढे करून "हाच का?" विचारलं तर कुणीही मान डोलावेल. म्हणून त्याच्यासारख्याच चारचौघांत त्याला उभं करतात. ते चारचौघे आणायला शिपाई गल्लीत यायचा, आणि पहिला यायचा तो काकांकडेच.

"काका, चला."

"अरे, कालच पाठ धरलीय. दुसरं कुणी नाही का?"

"तुमच्याइतकं सगळ्यांसारखं कुणी नाही बघा."

काकांनी इस्त्री उभी केली आणि निघाले. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

तुरुंगातल्या त्या लांबट खोलीत आणखी काही बापे भिंतीशी उभे होते. मॅजिस्ट्रेट बाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी सगळ्या पोलिसांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मग आतल्या कोठडीतून एका रंगाऱ्याला आणलं. एका म्हातारीच्या गळ्यातली साखळी ओढल्याचा आळ होता त्याच्यावर. म्हातारीने बोट दाखवलं की संपलं. बायको-पोरं बाहेर आणि हा कित्येक वर्षं आत.

बाई म्हणाल्या, "हवं तिथे उभा राहा. कपडे बदलायचे असतील तर कुणाशीही बदल. तुझा हक्क आहे."

रंगारी काकांजवळ आला. "दादा, तुमचा सदरा द्याल?"

काकांच्या जिवावर आलं. सकाळीच कडक इस्त्री केलेला पांढरा सदरा, आणि त्याचा हिरवा, कॉलरभर रंगाचे शिंतोडे, घामट वास. पण तो स्वतःचा सदरा काढून समोर उभाच होता. काकांनी गुंड्या सोडल्या. "घे बाबा. चुरगळू नकोस म्हणजे झालं."

म्हातारीला आत आणलं. सुनेचा हात दाराबाहेरच सुटला होता, त्यामुळे ती बावरलेली. रांगेपुढून हळूहळू चालत आली. रंगाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, पुढे सरकली, आणि काकांचं मनगट गच्च धरलं.

"हाच तो मेला!"

काकांनी मनगट सोडवून बघितलं, सुटेना. आपण काही केलेलं नाही हे पक्कं ठाऊक, तरी चोरी आपणच केल्यासारखं तोंड झालं त्यांचं.

मॅजिस्ट्रेट बाईंनी शांतपणे विचारलं, "आजी, कशावरून ओळखलंत?"

"कशावरून म्हणजे? हा हिरवा सदरा, हे शिंतोडे. चौकीत हवालदाराने दाखवला तेव्हा हेच घालून बाकावर बसला होता की!"

म्हणजे तिने चोराचा चेहरा नव्हे, पोलिसांनी आधीच दाखवलेला सदरा ओळखला होता. रंगाऱ्याने डोळे मिटले. म्हातारीला काही कळेना. "अहो, हवालदारच म्हणाला, नीट बघून ठेवा आजी. ठेवलं बघून. काय चुकलं माझं?"

"तुमचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या, आणि तिचा शब्द न् शब्द लिहून घेतला. चोर म्हणून धरलेल्याला तिने ओळखलं नाही, हेही लिहिलं.

"मग माझी साखळी?"

काकांनीच तिला स्टूल पुढे केलं. ज्याला चोर म्हटलं त्याच्याच हाताला धरून ती बसली.

रंगारी काही त्या दिवशी सुटला नाही. पुन्हा आत गेला. पुढे कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. काकांनाही साक्षीला बोलावलं, दुकान बंद ठेवून ते बाकावर डुलक्या काढत बसले. शेवटी म्हातारीचं ते बोलणं वाचून दाखवलं गेलं आणि रंगाऱ्याला सोडलं.

घरी काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "पण त्याने चोरलं होतं की नव्हतं?"

"मला काय माहीत?"

"एवढे खेटे घातलेत आणि तेही माहीत नाही?"

"अगं, मी चोरलं नव्हतं एवढं माहीत आहे. तरी तिने मनगट कसलं घट्ट धरलं होतं!" काकांनी मनगट चोळलं. "माझ्या अंगावर दुसऱ्याचा सदरा होता म्हणून तिने मला धरलं. आणि म्हणूनच तो सुटला."

दुसऱ्या दिवशी टेबलावर गाठोडी तशीच होती. काका इस्त्री तापवत होते, तोच शिपाई आला.

"काका, चला."

काकांनी त्याच्याकडे बघितलं, एक लांब सुस्कारा सोडला, आणि अंगातला इस्त्रीचा सदरा काढून खुंटीवरचा जुना चढवला.