समुद्रापासून थोडं आत

आप्पा रेल्वेतून निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांतच जेवताना म्हणाले की आपण समुद्राकाठी एक लहानसं घर घ्यायचं. राहायचं दौंडातच, पण हिवाळ्याचे चार महिने तिकडं. आईनं वाढता वाढता हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा शिरूरला सरकारी दवाखान्यात नर्स होते, सुट्टीला घरी आले होते.

आप्पा मालगाडीवर गार्ड. दौंड ते मनमाड, दौंड ते सोलापूर, याच मुलखात त्यांची नोकरी गेली. तरुणपणी आजोबांबरोबर पहिल्यांदा दादरला चैत्यभूमीवर गेले तेव्हा आजोबा रांगेत उभे होते आणि हे मागच्या वाळूवर. आजोबा शोधत आले तरी यांचे पाय निघेनात. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यातून एखादं घर निघेल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

आई कवठे येमाईची. उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात तिचं माहेरपण गेलेलं. ती म्हणाली, "जे पानी पिता येत न्हाई, त्याच्या शेजारी घर कशाला?"

तरी ती आली. दिवाळीनंतर आम्ही तिघं स्वारगेटवरून एसटीनं दापोलीकडं गेलो. पहिलं घर अगदी वाळूवर होतं. पायरी उतरली की समुद्र. आप्पांनी ओट्यावर बसून चप्पल काढली आणि मला वाटलं, झालं, हेच घेणार हे. आईनं खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले. मालक मोकळेपणानं म्हणाले की खारा वारा लोखंड खातोच, दरवर्षी रंग द्यायचा. माणूस बोलका होता. चहा आला. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं आप्पांना विचारलं, आपण कोण. आप्पांनीही सहज सांगितलं, आम्ही बौद्ध.

त्यानंतर मालकांचा आवाज चढला नाही की काही वावगं बोलणं झालं नाही. फक्त त्यांना आठवलं की भावांना विचारावं लागेल. आम्ही कप खाली ठेवेपर्यंत त्यांना हेही आठवलं की घर तूर्त विकायचंच नाहीये.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीबाहेर बघत बसले. महाडला गाडी बदलायची होती आणि मध्ये बराच वेळ होता, म्हणून आम्ही चवदार तळ्यावर गेलो. आई खालच्या पायरीवर गेली, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि तिथंच बसली. आप्पा वर उभे राहून म्हणाले की जाऊ दे, हा नाद सोडून देऊ, दौंडात काय कमी आहे.

आई वळली. "आता न्हाई सोडायचा," ती म्हणाली. "आता घ्यायचंच. पन पावसाळ्यात बघून घ्यायचं. हिवाळ्यात सगळीच घरं चांगली दिसत्यात."

त्या दिवसापासून हे घर आप्पांचं राहिलं नाही, आईचं झालं. दौंडात कुणी कोकणातलं भेटलं की ती त्याला खोदून खोदून विचारी. विहीर गोडी राहते का, वीज किती दिवस जाते, छपराला पत्रा बरा की कौल. माझी एकच अट होती, दवाखाना रिक्षानं गाठता आला पाहिजे. आप्पांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या.

श्रावणात आम्ही पुन्हा गेलो. दुसऱ्या एका गावात पुन्हा किनाऱ्यालगतचंच घर, मालक द्यायला राजी. पण भरतीनं कुंपणाची भिंत निम्मी नेली होती आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. आप्पा त्या पडक्या भिंतीशी छत्री धरून उभे राहिले आणि परत फिरले.

तिथल्याच रिक्षावाल्यानं पुढच्या गावातलं एक घर सांगितलं. सुरूच्या बनाच्या आतल्या अंगाला, जांभ्या दगडाचं, कौलारू. मागं नारळ आणि सुपारीची झाडं. एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत होत्या, आता मुलाकडं जाणार होत्या. या वेळी आप्पांनी दारातच, पायातलं न काढता, आपण कोण ते सांगून टाकलं.

बाईंनी दार पुरतं उघडलं. मग म्हणाल्या, "आधी आत या, भिजताय. मला तुम्ही एवढंच सांगा, झाडांना पाणी घालाल ना?"

आई थेट विहिरीवर गेली. स्वतः पाणी शेंदलं आणि प्याली. पुन्हा एकदा प्याली. मी बाईंना दवाखान्याचं विचारलं, तो बाजारपेठेत होता, जवळच. भिंतींना ओल होती, पण बाई म्हणाल्या की चारी बाजूंनी पडवी आहे म्हणून घर थंड राहतं, आणि ते अंगाला कळत होतं.

"समुद्र दिसत न्हाई इथनं," आप्पा हळूच म्हणाले.

"ऐकू येतोय की," आई म्हणाली. "चालत जायचं. घरानं कशाला भिजायचं तिथं जाऊन?"

आप्पा हसले. त्या प्रवासात ते पहिल्यांदाच हसले.

घर घेतलं. झाडांच्या पाण्यासाठी हिवाळ्याचे चार महिने लांबत पावसाळ्यापर्यंत गेले. आप्पा रोज सकाळी बनातून वाळूवर जाऊ लागले आणि भुकेच्या वेळेला परत येऊ लागले. शेजारच्यांशी जमायला वेळ लागला. पहिल्या वर्षी एका घरानं बोलणंच टाळलं, दुसऱ्या वर्षी त्याच घरातली सून आईकडून आमच्याकडच्या काळ्या मसाल्याची कृती लिहून घेऊन गेली.

मे महिन्यात न्हावऱ्याहून मावशी आणि तिच्या जावा टेम्पो करून आल्या. त्यांतल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता. बायका पदर सावरत ओल्या वाळूच्या कडेला थबकून उभ्या राहिल्या. आई तोवर गुडघाभर पाण्यात गेली होती. लाट आली तशी तिनं लुगडं जरा वर धरलं आणि मावशीला हाक मारली, "ये की गं, काय करत न्हाई त्यो."