अकरा दहाचा फॉर्म

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टी वाचून "रिकामा वेळ फार दिसतोय" म्हणणाऱ्यांतली मी. आमच्या हॉस्पिटलची क्वालिटी मॅडम म्हणजे मीच... पेशंट किती पडले, औषधं किती चुकली, हे मोजायचं माझं काम. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं माझं ठाम मत होतं.

नगर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी, पन्नास बेडचं हॉस्पिटल. नाव विचारू नका. जिन्याखाली एक कुलूपबंद पेटी आहे. कुणाच्या हातून चूक झाली, किंवा होता होता राहिली, तर फॉर्म भरून त्यात टाकायचा. किल्ली माझ्याकडे, दर सोमवारी उघडते. दोन वर्षं पेटी रिकामीच.

कारण मला माहीत होतं. शेवटचा फॉर्म शकिला सिस्टरनी भरला होता, स्वतःच्याच चुकीचा. एकीची गोळी दुसरीला दिली गेली. पेशंटला काही झालं नाही. "लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही" असं मीच ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगितलेलं. मॅनेजमेंटनं आठ दिवसांत त्यांना घरी बसवलं आणि मीटिंगमध्ये मी तोंडातून ब्र काढला नाही. मग कोण कशाला लिहील? माझ्या रिपोर्टात चुका शून्य, वर माझंच कौतुक.

त्या सोमवारी पेटीत एक फॉर्म निघाला. "बेड ४ आणि बेड ९, दोघीही मंदाबाई. नऊचं इंजेक्शन चारला दिलं. चारला त्या औषधाची ॲलर्जी. वेळ ११.१०." तारीख त्याच दिवसाची. सही नाही.

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

माझं डोकंच फिरलं. कुणीतरी थट्टा करतंय... झाडायलाच म्हणून बायकांच्या वॉर्डात गेले. तर नवीन सिस्टर चार नंबरपाशी उभी, हातात भरलेली सिरिंज.

"मंदाबाई ना?" तिनं विचारलं.

"व्हय," बाई म्हणाल्या.

खरं तर पेशंटलाच पूर्ण नाव सांगायला लावायचं, असं आम्ही शिकवतो. घाईत राहून जातं. मी "थांब" म्हणाले. मनगटावरची पट्टी पाहिली, केसपेपर पाहिला. फॉर्मात लिहिलं तस्संच. नऊ नंबरच्या मंदाबाई तर त्याच सकाळी दहाला भरती झालेल्या. पोरीनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. चार नंबरच्या बाई मलाच म्हणतात, "बसा जरा, तुमालाच घाम फुटलाय."

खोलीत येऊन फॉर्म परत वाचला, तेव्हा कुठं अक्षराकडं लक्ष गेलं. गोल, वर रेघ न ओढता लिहिलेलं. शकिला सिस्टरांचा जुना फॉर्म काढून शेजारी ठेवला. अक्षर तेच.

त्या आता कोल्हारला माहेरी शिवणकाम करतात. फोटो पाठवला, मग फोन केला — दोन वर्षांत पहिल्यांदा.

"अक्षर माझंच हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "पन मी तिकडं आलेच न्हाई. बाई बऱ्या हायेत ना?"

बऱ्या आहेत म्हटलं, आणि मला रडूच आलं. "सिस्टर, त्या मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं. चुकले मी."

त्या म्हणाल्या, "त्या नव्या पोरीला तरी सांभाळा."

कॅमेरे तपासले, स्टाफला विचारलं. पेटीजवळ कुणीच गेलेलं नाही.

गुरुवारी त्या फॉर्मवर मॅनेजमेंटची मीटिंग झाली. पोरीला काढायचं चाललेलंच होतं. साहेबांनी विचारलं, "फॉर्म कुणी भरला?"

"मी," म्हणाले. "आणि तिला काढणार असाल तर आधी मला काढा."

पोरगी अजून ड्युटीवर आहे. फॉर्म कुणी भरला, ते मला आजही माहीत नाही.