मधुकररावांचे राजे आणि माझे एक अक्षर

मधुकररावांची आणि माझी ओळख रद्दी कागदांवरून झाली. एकाहत्तरच्या लढाईआधीचा उन्हाळा होता. जबलपुरातल्या एका संरक्षण कारखान्यात मी टंकलेखिका म्हणून नुकतीच लागले होते, तीही कच्ची. पहिल्याच आठवड्यात तेलाचे डाग पडलेला खाकी सदरा घातलेले एक उंच गृहस्थ टेबलापाशी आले.

"बाई, मागून कोरे असलेले रद्दी फॉर्म आहेत काय? राजे लिहून राहिलो आहे."

"कोणते राजे? भोसले?"

"नाही हो. बाबिलोनचे."

मला वाटले, गृहस्थांचे डोके सरकलेले दिसते!

श्री. मधुकरराव चिखलीकर आमच्याकडे चार्जमन होते, म्हणजे कामगारांच्या वरचे आणि फोरमनच्या खालचे. जेवणाच्या सुट्टीत डबा आटोपून ते त्या रद्दी फॉर्मांवर मेसोपोटेमियाच्या राजांच्या याद्या उतरवीत. डावीकडे एका बखरीतला क्रम, उजवीकडे दुसरीतला, आणि जिथे दोन्ही पटत नाहीत तिथे तपासणीच्या लाल पेन्सिलीने फुली. अश्शूरचा एक राजा मारला गेला, तर एक बखर म्हणते त्याच्याच एका मुलाने मारले, दुसरीकडे दोघांची नावे. अक्कडच्या गादीवर तीन वर्षांत चौघे बसले, तेव्हा यादी लिहिणाऱ्याने हात टेकले आणि यांतला राजा कोण, कोण नाही, असा उलट सवालच लिहून ठेवला. हे सांगताना मधुकरराव मोठ्याने हसत.

"काहून हसता?" मी विचारी.

"बाई, हजारो वर्षांआधीच्या कारकुनानं कबूल केलं, की मला माहीत नाही. आपल्या हापिसात असा एक दाखवा."

पुढे वर्षानुवर्षे त्यांनी इथल्या मराठी मंडळींपुढे याच विषयावर व्याख्याने दिली. श्रोते चार, त्यांतले दोन चहासाठी आलेले. एका ज्येष्ठांनी तोंडावर विचारले होते, "भोसल्यांचं सोडून हे कुठले उपटसुंभ आणले?" आज तेच ज्येष्ठ मधुकररावांचा हा गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीत आहेत आणि त्यांना 'व्यासंगी' म्हणतात. म्हणोत बापडे. मला संपादकांनी बजावले आहे, "बाई, गोड लिहा." गोड लिहिणारे पुष्कळ मिळतील. मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही, म्हणून ते लिहिते.

बाबिलोनची एक रीत मधुकररावांनी मला समजावली होती. राजा वर्षाच्या मध्येच मेला, तर उरलेले वर्ष मेलेल्याच्याच खात्यात जाई. नव्या राजाचे पहिले वर्ष पुढच्या वर्षारंभापासून मोजायचे. ज्याने ही रीत पाळली नाही, त्याच्या यादीत एक वर्ष जास्तीचे येते आणि एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी बसते. आमच्या कारखान्यात हा निवाडा दोन अक्षरांवर होई. एकाने दुसऱ्याकडे कामाचा ताबा दिला की चार्ज रिपोर्ट निघे, आणि त्यात तारखेपुढे एफ.एन. किंवा ए.एन. लिहीत. एफ.एन. म्हणजे ताबा सकाळपासून, ए.एन. म्हणजे दुपारपासून.

लढाई पेटली होती. आमच्या एका विभागाच्या प्रमुखांची बदली झाली आणि त्यांनी जेवणानंतर मधुकररावांकडे ताबा दिला. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून पाठवलेल्या चिठ्ठीत ए.एन. असे स्वच्छ होते. मी टाइप केले एफ.एन. दहांपैकी नऊ रिपोर्ट सकाळचेच असत, हाताला तीच सवय. मधुकररावांनी घाईत सही केली. दोन बखरींतला एका दिवसाचा फरक पकडणाऱ्या माणसाने स्वतःचा कागद वाचला नाही!

त्याच दिवशी सकाळी, जुन्या प्रमुखांच्या तोंडी हुकमावरून, मालाचा एक लॉट तपासणीविना बाहेर गेला होता. आठवड्याने तो सदोष म्हणून परत आला. चौकशी बसली. मधुकरराव सांगत राहिले, मी दुपारी ताबा घेतला. चौकशीचे साहेब म्हणाले, "चिखलीकरजी, कागज़ तो सुबह बोल रहा है." बदलून गेलेल्या प्रमुखांना किंवा कामगारांना कोणी विचारलेच नाही. आणि ती चिठ्ठी माझ्या खणात होती. घरात चार खाणारी तोंडे आणि कमावती मी एकटी. चूक कबूल केली तर कच्ची नोकरी गेलीच असती. मी चिठ्ठी फाडली.

मधुकररावांची फोरमनची बढती थांबली ती कायमची. त्यांनी शिकवलेली पोरे त्यांचे साहेब झाली. आणि त्यांचा चांगुलपणा सांगायचा तर हा सांगते: पुढच्याच वर्षी त्यांनी महिनाभर रोज सुट्टीत बसून खात्याच्या परीक्षेसाठी माझे गणित करून घेतले. मी पास झाले, पक्की झाले. तेव्हाही माझी दातखीळ बसलेलीच होती. लाज वाटते.

गेल्या महिन्यात तिलवाऱ्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घरी जाऊन मी सगळे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "टाइपची चूक तुमची, हे मला चौकशीतच समजलं होतं. न वाचता सही केली, ती माझी चूक. म्हणून मी तुमचं नाव घेतलं नाही. पण चिठ्ठी होती, बाई?"

"होती."

"अच्छा," एवढेच म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

मी माफी मागितली. त्यांनी माफ केले नाही, आणि केले असे मी इथे लिहिणार नाही. हे छापू का, असे विचारले तेव्हा मात्र लगेच म्हणाले, "छापा. पण मी जिवंत आहे तोवर. मेलेल्या राजाबद्दल काय, कोणीही काहीही लिहितो."

संपादकांना मी कळवले आहे, यातले एक वाक्य गाळायचे असेल तर सगळा लेख परत करा. मधुकररावांना शंभरी लाभो, डोळे आणि पाय शाबूत राहोत. हे मागायचा हक्क मला नाही, तरी मागते. या ग्रंथात त्यांच्या छायाचित्राखाली 'निवृत्त चार्जमन' असे छापले जाणार आहे. ते 'फोरमन' का नाही, हे गावातल्या प्रत्येकाला त्यांच्या देखत कळावे, एवढे तरी त्यांनी जगावे.