बोटभर अंतर

मी अकरा वर्षं देवाला फसवलं, आणि तेही गुरुजींच्या देखत.

पूजेला नवरा-बायको शेजारी बसले की गुरुजी नवऱ्याच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी देतात आणि बायकोला म्हणतात, "हाताला हात लावा." बायकोने आपली बोटं नवऱ्याच्या हाताला टेकवायची. म्हणजे तो जे करतोय त्यात तिचाही वाटा. मी टेकवत नसे. बोटभर अंतर सोडून हात हवेतच धरत असे. वरून पदर असायचा, त्यामुळे कोणाला दिसायचं नाही. दरवर्षी गणपतीत हेच केलं, आणि मुलीच्या लग्नात कन्यादानाच्या वेळीही हेच.

कारण सांगते. आमचे हे बोलण्यात फार तरबेज. हडपसरच्या कारखान्यात होते तेव्हा यांच्या एकेका शेऱ्यावर सगळं कॅन्टीन हसायचं म्हणे. पुण्यात अशा माणसाला हुशार म्हणतात. असा माणूस घरात असला की काय होतं, ते त्याच्या बायकोला विचारावं.

वडील गेल्यावर माझी आई साताऱ्याहून आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटवर राहायला आली. येताना एक पिशवी कपडे आणि तिची पितळी घंटा घेऊन आली. पहाटे पाचला आंघोळ करून देवापुढे बसायची आणि घंटा अशी वाजवायची की देव काय, शेजारीही उठावेत. यांनी तिला तोंडावर कधी काही म्हटलं नाही. पण एका रविवारी यांचे मित्र आले होते. हे नुकतेच निवृत्त झाले होते, म्हणून कोणीतरी विचारलं, आता उशिरापर्यंत झोपत असाल ना? हे ताबडतोब म्हणाले, "कसली झोप? गजर आमच्याकडे मुक्कामालाच आलाय. परतीचं तिकीट न काढता."

सगळे खदाखदा हसले. आई स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालत होती. तिचे कान तिखट. तिचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बशा तिने स्वतः बाहेर नेल्या आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर आई देवापुढे बसलेली, घंटा हातात, हात हलतोय, पण आवाज नाही. तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून घंटेच्या लोलकाला गच्च बांधली होती. "देवाला दिसतं गं," ती म्हणाली, "आवाज कशाला हवा?" तिसऱ्या दिवशी तिने माझ्या भावाला फोन केला, घरची आठवण येते म्हणाली, आणि साताऱ्याच्या एसटीत बसली. घंटा आमच्याकडेच राहिली. चार महिन्यांनी आई वारली.

ब्याऐंशी वर्षांची होती. एका वाक्याने कोणी मरत नाही, एवढं मलाही कळतं. पण माझी आई माझ्याच घरातून नकोशा पाहुण्यासारखी गेली, हे काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना. यांनी माफी मागितली नाही, मी विषय काढला नाही. कडाकडा भांडले असते तर दोन दिवसांत मिटलं असतं. मी स्वयंपाक केला, यांच्या गोळ्यांच्या वेळा पाळल्या, यांच्या विनोदांना हूं हूं केलं. फक्त देवासमोर हात लावला नाही. आणि घंटेची चिंधी सोडली नाही. घंटा देव्हाऱ्यात मागे सारून ठेवली, ती तिथेच.

यंदा यांची बायपास झाली. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर मी हात जोडले आणि म्हटलं, "यांना सुखरूप घरी आण. आम्ही दोघं बसून सत्यनारायण करू." बोलले आणि मग लक्षात आलं, काय बोलून बसले ते. दोघं बसून म्हणजे हाताला हात लावून. बाकीच्या पूजा रीत म्हणून केल्या होत्या, हा नवस मात्र माझा होता, यांच्या जिवासाठी बोललेला. यात हात हवेत धरला तर नवस फिटला कसा म्हणायचा? आणि मनात नसताना टेकवला तर तीही फसवणूकच. देवाने दिलेलं देव परत घेईल, अशी धास्ती मला बसली.

हे घरी आले, चालू-फिरू लागले. मी पूजा पुढे ढकलत राहिले. कधी चांगला दिवस नाही, कधी माझे गुडघे. शेवटी मुलगी सासरहून आली आणि म्हणाली, "आई, देवाला अजून किती दिवस वेटिंगवर ठेवणार आहेस?" बापाची लेक, दुसरं काय.

तिनेच मार्केट यार्डातून फुलं आणली, चौरंगाला केळीचे खुंट बांधले. आम्हा दोघांनाही खाली बसवत नाही, म्हणून पाटांऐवजी बुटकी स्टुलं मांडली. गुरुजी तरुण होते, घाईतले. "काका, हातात पाणी घ्या. काकू, हाताला हात लावा."

मी हात पुढे केला आणि तो सवयीने बोटभर अलीकडे थांबला. तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. "एकच मिनिट हं," म्हणून ते संकल्प अर्ध्यावर टाकून बाल्कनीत गेले. मुलगी आत प्रसादाचा शिरा ढवळत होती. हे तळहातावर पाणी धरून बसलेले, मी हात अधांतरी धरून. दोघांनाही हलता येईना.

"नसेल लावायचा तर राहू दे," समोर बघतच हे हळूच म्हणाले. "नेहमीसारखा वरच्यावर धर. मला सवय आहे."

"म्हणजे, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. हात टेकला की नाही, एवढं कळणार नाही का मला?"

"मग बोलला का नाहीत?"

यांच्या बोटांच्या फटींतून पाणी ठिबकत होतं. "काय बोलणार? आई साताऱ्याला गेल्या, त्याच आठवड्यात मी त्यांना परत आणायला निघालो होतो. स्वारगेटला फलाटावर उभा राहिलो. तीन गाड्या सोडल्या. त्यांच्या दारात उभं राहून काय म्हणायचं, तेच सुचेना. घरी आलो."

यांना सुचेना! भूल उतरताना ज्या माणसाने नर्सला "चहा मिळेल, की त्यालाही नातेवाइकांची सही लागते?" असं विचारलं, त्या माणसाला. मला रडू यायच्या आधी हसूच आलं.

"चुकलं माझं," हे म्हणाले. "त्यांना सांगायला हवं होतं. निदान तुला तरी."

आता माझंही सांगते. त्या रविवारी सगळे हसले, असं मी वर लिहिलंय. त्या सगळ्यांत मीही होते. हसता हसता वळून पाहिलं, तेव्हा आईचा थांबलेला हात दिसला. स्वतःवर रागवायला धीर नव्हता, म्हणून मी अकरा वर्षं यांच्यावर रागावून राहिले.

"मीसुद्धा हसले होते हो," मी म्हटलं.

"माहीत आहे. तुला हसवायलाच तर बोललो होतो."

मी बोटं टेकवली. दवाखान्यात मी यांना भरवलं होतं, अंग पुसून दिलं होतं, पण हा हात इतका बारीक झालाय हे मला तेव्हा कळलं नव्हतं. माझा अवघडलेला खांदा सैल पडला.

गुरुजी परत आले. "अरे, पाणी सांडलं की सगळं. पुन्हा घ्या." पुन्हा घेतलं. या वेळी संकल्प नीट पार पडला.

पुढे घंटेची पूजा असते. गुरुजींनी घरची घंटा मागितली आणि मुलीने देव्हाऱ्यातून मागची काढून दिली. त्यांनी ती हलवली, तर आवाजच नाही. "बिघडलीय का, काकू?" मी काही बोलायच्या आत यांनी घंटा घेतली, उलटी केली आणि नखांनी गाठ सोडवायला लागले. आईची गाठ, सहज सुटणार थोडीच. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "राहू द्या काका, माझ्याकडे आहे दुसरी."

"थांबा," हे म्हणाले. "तुमच्या फोनसाठी आम्ही थांबलो होतो."

चिंधी सुटली. ती यांनी घडी करून झब्ब्याच्या खिशात ठेवली. मग घंटा वाजवली ती अशी, की मुलगी झारा हातात घेऊनच बाहेर आली. माझी बोटं पुन्हा यांच्या हातावर होती. वाजवून झाल्यावर धाप लागली होती, तरी यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आईंना ऐकू गेलं असेल का गं?"

"गेलं असेल," मी म्हटलं. "तिचे कान तिखट होते."