रिकाम्या जागेचा वैरी

रिकाम्या जागेचा इतका राग असलेला माणूस उभ्या कोल्हापुरात दुसरा झाला नसेल. आमच्या चळवळीची पत्रकं टाइप करून देणारे डीटीपीवाले काका, शीर्षक मधोमध आणायला कुणी स्पेसबार बडवताना दिसला की सरळ त्याच्या हातावर चापटी मारायचे. "पावणं, डोळ्याला ती जागा मोकळी दिसती, बोटाला खड्डा लागतोय!" गिऱ्हाईक आलेलं असायचं लग्नपत्रिकेसाठी. कुणाचं बोट आणि कसला खड्डा, त्या बिचाऱ्याला काय कळणार?

ते बोट आक्काचं होतं. काकांची थोरली बहीण, कागलला शाळेत शिकवायची. ऐन उमेदीत साखरेनं तिचे डोळे नेले. ती जिद्दीनं ब्रेल शिकली आणि मग हात बांधून बसली, कारण मराठीत बोटांनी वाचायला होतं काय? पोथ्या आणि बोधकथा. डोळे गेले की माणसाला फक्त बोध लागतो, हे कुणी ठरवलं? आक्काला पक्ष्यांचं पुस्तक हवं होतं. वर्गात घेऊन जायची ते, जाडजूड, रंगीत चित्रांचं.

आमची चळवळ अंधांना अशी पुस्तकं मिळावीत म्हणूनच होती. मी पुण्याला प्रकाशकाकडे जाऊन ब्रेलसाठी त्याची फाइल मागितली. ते गृहस्थ हसले. "अहो, आंधळ्यांना चित्रांचं पुस्तक कशाला?" मी त्याच वाक्याचं पत्रक काढलं. काकांनी टाइप करताना त्यातली सगळी उद्गारचिन्हं उपटून टाकली. "एवढी कशाला रं? आक्कानं वाचलं तर बोटाला काटं टोचत्याल."

"काका, हे आक्कांसाठी नाही, प्रकाशकासाठी आहे!"

"त्येला कुठली टोचत्यात?"

तरी टोचली असावीत, कारण महिन्याभरात परवानगी आणि सीडी आली. उघडली तर पडद्यावर सुबक मराठी, पण ब्रेलच्या सॉफ्टवेअरला दिली की नुसता कचरा. जुन्या फॉन्टची अक्षरं, दिसायला मराठी, आतून भलतीच. काका पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करायला बसले.

पण हात लग्नपत्रिकांचा. सवयीनं त्यांनी प्रत्येक पक्ष्याच्या नावाखाली चांदण्यांची नक्षी घातली. अंधशाळेतल्या मशीनवर ठिपके उमटून पहिला भाग कागलला गेला आणि आक्काचा फोन आला. "दर पाखराखाली काय पेरलंयस रं? कवापासनं हात फिरवतोय, ज्वारी हाय व्हय ही?" त्या दिवसापासून काकांनी नक्षीशी वैर धरलं. गावातल्या पत्रिकाही मुंज झालेल्या बटूसारख्या बोडक्या निघू लागल्या.

खरा घोळ चित्रांचा. चित्राच्या जागी 'चित्र:' असं लिहून वर्णन द्यायचं. आक्कानं रंग पाहिलेले, तिच्यापुढं थाप चालत नव्हती. हळद्या पक्षी पिवळा, पण कुठला पिवळा? काका पुस्तक काखेत मारून चहाच्या गाड्यावर जायचे आणि अनोळखी माणसाचा कप अडवून विचारायचे, "ह्यो हळदीचा म्हणावा का झेंडूचा?" हे इतकं अंगात भिनलं की नेसरीच्या एका लग्नपत्रिकेवर गणपतीच्या जागी छापून गेलं, 'चित्र: गणपती. बसलेला. सोंड डावीकडं. उंदराचं लक्ष लाडवावर.' नवरीचा बाप दुकानात येऊन गरजला, "आमचा गणपती कुठं हाय?"

"हाय की," काका म्हणाले, "वाचा."

पुढं आक्काच्या तक्रारी बदलल्या. "ठिपकं पुसट आल्यात रं." काका अंधशाळेत जाऊन मशीन चालवणाऱ्याशी भांडले. तोही पेटला. त्यानं तेच पान आपल्या शाळेतल्या एका मुलीपुढं ठेवलं आणि तिनं ते घडाघडा वाचून दाखवलं. काका परत आले. मशीन ठीक होतं. साखर आता बोटांत उतरली होती.

त्यानंतर ते जत्रेतल्या बैलासारखे धावले. लग्नसराईत पत्रिका परत पाठवल्या, माझी पत्रकं तर हातातच घेतली नाहीत. शेवटचा भाग बांधून आला तेव्हा आम्ही दोघं तो घेऊन कागलला गेलो. आक्कानं पानावर बोट फिरवलं, मग तळवा फिरवला, मग गाल टेकला. "कोरं हाय रं," ती म्हणाली.

काकांनी खिशातून टाइप केलेले कागद काढले. "चित्र: हळद्या. झेंडूचा पिवळा, सकाळचं ऊन पडल्यावरचा. डोळ्याला काळी रेघ, पोरीनं घाईत काजळ घातल्यागत."

"थांब," आक्का म्हणाली. "परत वाच."

ते परत वाचत राहिले. बाहेर येऊन मी तावातावानं म्हणालो, ही फाइल आधी मिळाली असती तर! ती धड असती तर! काकांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी उद्गारचिन्हं माझ्यापाशीच राहिली.

दिवाळीनंतर आक्का गेली. श्रद्धांजलीचं कार्ड काकांनी स्वतः केलं. नक्षी नाही, चौकट नाही, फोटोही नाही. वर 'चित्र:' एवढंच, मग बरीच मोकळी जागा, आणि खाली नाव.

"काका, इथं लिहायचं राहिलंय."

"आठ दिस बसलोय," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "जमंना झालंय रं. ऱ्हाऊ दे तसंच."

कार्ड तसंच छापलं.

परवा दुकानात गेलो होतो. एक गिऱ्हाईक शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार बडवत होतं, एकदा, दोनदा, बडवतच राहिलं. मी काकांच्या हाताकडं बघत थांबलो. तो मांडीवरून उठला नाही.