दहा बाय पाचची भीती

फ्लेक्सच्या दुकानात किस्से शोधायला लागत नाहीत, गिऱ्हाईकच घेऊन येतं. शाहूपुरीत यासीनभाईंच्या दुकानात मी सोळा वर्षं मशीन चालवतोय. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं माझ्या हातून छापून गेलंय, आणि प्रत्येकाचा एक तरी किस्सा आहे. पण गेल्या काही महिन्यांतले सगळे किस्से एकाच गोष्टीपायी झालेत. जपानी कार्टून!

"कार्टून न्हवं मामा, अ‍ॅनिमे!" ही आमची डिझायनर दीपाली. वय चोवीस. कार्टून म्हटलं की तिचं टाळकंच सटकतं.

आधीच सांगून टाकतो, मला ते अजिबात आवडत नव्हतं. मला त्याची भीती वाटायची. आणि त्याहून जास्त भीती मला माझ्या पोरीची वाटायला लागली होती.

*

सानिका अकरावीत आहे. शिवाजी पेठेत आमच्या दोन खोल्या, त्यातली आतली तिची. कॉलेजातून आली की दार बंद. आतून कुणीतरी जपानीत किंचाळायचं, मग एकदम सगळं गप्प व्हायचं. किंचाळणं परवडलं, तो गप्पपणा नको वाटायचा. मी दाराला कान लावून उभा राहायचो.

एकदा ती अंघोळीला गेली असताना मी तिची वही उघडली. पानोपानी एकच मुलगी. लांब केस, हसरं तोंड आणि डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे! हल्ली पोरांचं काय काय कानावर येतं. ही जिवाचं काही बरंवाईट करून घेईल की काय, या भीतीनं मी वही उचलली आणि तडक दुकानात नेऊन ड्रॉवरमध्ये कोंबली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "माझी वही कुणी घेतली?"

"मी. तसलं काय काढायचं न्हाय."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. ताट वाढलं की उचलून आत घेऊन जायची. बायको म्हणाली, "तुम्हीच घालवलीसा, तुम्हीच आणा परत." ती वहीबद्दल बोलत नव्हती.

*

वही दीपालीला दाखवली. मला वाटलं, तीही घाबरेल.

"आयला! मामा, ही तर मी बघतो त्याच सिरीजमधली पोरगी! काय भारी काढलीया हो!"

"असलं बघून पोरं बिघडत न्हाईत?"

"मी बिघडलो काय? तीन एपिसोड बघा, मग बोला. पुण्याचं पावणं पांढरा रस्सा बघून आधी नाक मुरडतंय, आन् जाताना डबा भरून मागतंय. चव लागाय येळ लागतोय."

"रस्सा डोळ्यांच्या खड्ड्यांतनं आपल्याकडं बघत न्हाय, दीपाली!"

तरी बसलो. पोरीच्या डोक्यात काय चाललंय, ते कळायला दुसरा रस्ता नव्हता. जेवणाच्या सुट्टीत शाईच्या कॅनला मोबाइल टेकवून दीपालीनं पहिला एपिसोड लावला. माझी अर्धी भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी हळूहळू मान वळवायला लागली आणि नेमकी त्याच क्षणाला दुकानातली लाईट गेली. मी ओरडलो ते शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत ऐकू गेलं.

तिसऱ्या दिवशी यासीनभाई रागवायला आले. हा माणूस दोन मंडळांच्या भांडणात मधे उभा राहून दोन्हीकडच्यांना गप्प करतो. "कामधंदा सोडून काय लावलंय हे? बंद करा!" म्हणाले आणि मागं उभे राहून बघायला लागले. दीपालीनं बंद केलं.

मग यासीनभाईंनी बारीक आवाजात विचारलं, "...पुढं काय झालं त्या पोरीचं?"

त्यानंतर आठवडाभर ते मागच्या गोडाऊनमध्ये एकटे गेले नाहीत. भरदुपारीसुद्धा!

*

आमच्याकडं छापायचं सगळं 'आज' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतात, आणि त्यात सगळ्यात शेवटी आलेली फाइल आधी मशीनला लावायची, हा माझा सोळा वर्षांचा शिरस्ता. दीपालीनं वहीतलं एक पान मोबाइलच्या वॉलपेपरसाठी स्कॅन केलं आणि घाईत त्याच फोल्डरमध्ये ठेवलं.

त्या दिवशी एका मंडळाच्या दादांचा वाढदिवस होता. फ्लेक्स दहा बाय पाच, अर्जंट. दोन कार्यकर्ते मशीनपाशीच उभे. मी शेवटची फाइल लावून दिली.

आधी काळे केस आले. एक कार्यकर्ता खूश झाला. "दादांचं केस लई भारी आल्यात!"

मग कपाळ आलं. मशीन आपली कर्रकर्र करत पुढं सरकत होती. मग दोन खड्डे आले, प्रत्येक घमेल्याएवढा! माझा हात स्टॉपच्या बटनावर होता, पण ते दाबलं जाईना. यासीनभाई "या अल्ला" म्हणाले, मी "अंबाबाई" म्हणालो. तेवढ्यात ते हसणं बाहेर आलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दुसरा कार्यकर्ता कसाबसा म्हणाला, "यासीनभाई... दादास्नी झालंय काय?"

*

वाया गेलेला फ्लेक्स कुणीतरी झाकायला नेतं. हा कागलच्या एका शेतकऱ्यानं नेला, कडब्याच्या गंजीवर टाकायला. यासीनभाईंनी बजावलं होतं, "पालथा घाला, पावणं. चित्र वर ठिवू नका."

आठ दिवसांनी तो परत आला. चित्र वरच ठेवलं होतं!

"वानरं यायची बंद झाली बघा! गडी बी तिकडं जाईना झालाय, पण ते असू दे. तसला अजून एक द्या!" म्हणत त्यानं मोबाइलमधला फोटो दाखवला. शेतातल्या गंजीवर माझ्या लेकीची मुलगी पसरून हसत होती.

सगळे पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना. हा फोटो आज ना उद्या फिरत फिरत सानिकाच्या मोबाइलवर येणार. बापानं वही चोरली ती चोरली, वर चित्रातली मुलगी गंजीवर घातली! मग ती जन्मात माझ्याशी बोलणार नाही. मी त्याच्याकडून फोटो मागून घेतला. तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगायचं ठरवलं.

*

रविवारी दुपारी तिच्या दारासमोर वही घेऊन उभा राहिलो. सगळं दारालाच सांगून टाकलं. वही, स्कॅन, दादा, गंजी, वानरं.

मग दार उघडलं.

"किती फुटाचं?"

"दहा बाय पाच."

"काळा रंग नीट आलता?"

"जरा फिका पडला."

"फोटो हाय?"

दाखवला. ती खूप वेळ बघत राहिली, ओठ दाताखाली दाबून. मग वही घेतली आणि दार लावून घेतलं. पण कडी लावल्याचा आवाज आला नाही.

*

पुढच्या रविवारी मीच दार वाजवलं. "चौथा एपिसोड बघायचा राहिलाय माझा."

तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. ती खुर्चीवर, मी खाली सतरंजीवर भिंतीला टेकून. खोलीत चांगलं ऊन येत होतं, तरी ती मुलगी मान वळवायला लागली तसे मी डोळे गच्च मिटले.

आवाज थांबला. सानिकानं पॉज केलं होतं.

"पप्पा, एवढं भेताय तर बघताय कशाला?"

"तू एकटीच बघत्यास म्हणून."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले, तर ती सतरंजीपाशी उभी होती.

"सरका की जरा."